मधुचंद्रानंतरच्या सोमवारचाही विचार व्हावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लग्नसराई सुरू झाली की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून दागिने, मेजवान्या, छायाचित्रण आणि परदेशी सहली यांवर भरभरून लिहिले जाते. लग्न परदेशात जाऊन लावावे की देशातच, हा वादही आता नेहमीचा झाला आहे. पंतप्रधानांनी नोव्हेंबर 2023 मध्ये ‘मन की बात’मधून लग्ने देशातच करण्याचे आवाहन केले होते, तेव्हापासून त्याला अधिकच धार चढली आहे. मात्र हे सगळे लिखाण नवे जोडपे विमानात बसले की थांबते. ते जोडपे परत येते, बॅगा उघडते, दुसऱ्या दिवशी कामावर हजर होते आणि ज्या माणसांत पुढची वर्षे काढायची त्यांच्यात रुळू लागते, तो काळ कोणाच्याच नियोजनात नसतो. बँकेच्या नोकरीत काउंटरपलीकडून अशी पुष्कळ जोडपी पाहिली आणि अलीकडे आमच्या घरातही कार्य झाले, त्या आधारावर हे पत्र लिहीत आहे. परतल्यानंतरचा पहिला महिना हा लग्नाचाच भाग धरला जावा, आणि घरच्यांनी, कार्यालयांनी व जमल्यास कायद्यानेही त्याला जागा करून द्यावी, असे माझे म्हणणे आहे.

परदेशी मधुचंद्र ही आता केवळ श्रीमंतांची चैन राहिलेली नाही. थायलंडने नोव्हेंबर 2023 पासून आणि मलेशियाने त्यापुढच्या महिन्यापासून भारतीय पर्यटकांना व्हिसा माफ केला, इंडोनेशियात तो विमानतळावर उतरल्यावर मिळतो आणि व्हिएतनामचा घरबसल्या काढता येतो. त्यामुळे पूर्वी महाबळेश्वर-माथेरानची नावे घेणाऱ्या डोंबिवली, चिंचवड वा नाशिकच्या घरांत आज बाली आणि फुकेतची नावे सहज घेतली जातात. माझी याबद्दल तक्रार नाही. ज्यांची ओळखच विवाहविषयक संकेतस्थळावर झाली आणि साखरपुड्यानंतरच्या भेटीही दोन्हीकडच्या मंडळींच्या देखत झाल्या, त्या दोघांना ओळखीचे कोणी नसलेल्या गावात आठवडाभर एकमेकांच्या सहवासात राहता येते, ही गोष्ट मोलाची आहे. खर्चावरून कुरकुर करणाऱ्या वडीलधाऱ्यांनी ती ध्यानात घ्यावी. खरी अडचण रजेच्या हिशेबात आहे.

खासगी नोकरीतील मुलगा किंवा मुलगी वर्षभर रजा साठवून कशीबशी पंधरवड्याची मंजुरी मिळवते. त्यातले काही दिवस ग्रहमख, हळद, लग्न आणि स्वागत समारंभात जातात, एखादा दिवस सत्यनारायणाला आणि एखादा कुलदैवताला जातो, आणि उरलेला प्रत्येक दिवस सहलीला जोडला जातो, कारण पॅकेजचे पैसे भरलेले असतात आणि ‘पुन्हा कधी जमणार’ हा प्रश्न दोघांच्याही मनात असतो. मग रविवारी पहाटे विमान उतरते आणि सोमवारी सकाळी दोघे लोकलच्या दाराशी उभी असतात. युरोपातून हिवाळ्यात परतलेल्यांची अवस्था तर पाहवत नाही. स्वित्झर्लंडचे घड्याळ तेव्हा आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे 11 वाजतात तेव्हा त्यांच्या शरीराच्या लेखी संध्याकाळचे साडेसहाच झालेले असतात, आणि सकाळी 6 चा गजर त्यांना रात्री दीड वाजता उठवतो. पश्चिमेकडून पूर्वेकडे आल्यावर झोप जुळायला अधिक दिवस लागतात. बालीहून येणाऱ्यांचे उलट होते. तिथले घड्याळ अडीच तास पुढे असल्याने त्यांना संध्याकाळीच पेंग येते आणि पहाटे चारला डोळे उघडतात. बालीहून परतलेली सून पहिले काही दिवस भल्या पहाटे उठते म्हणून कोणत्याही सासूने हुरळून जाऊ नये.

रजेच्या बाबतीत आपला कायदा काय म्हणतो, हे मी मुद्दाम पाहिले. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 प्रमाणे कामगाराला वर्षाला 8 नैमित्तिक रजा मिळतात, त्याही तिमाहीच्या हिशेबाने जमा होतात. सणांच्या 8 भरपगारी सुट्या मिळतात, आणि पुरेसे दिवस काम झाले असल्यास दर 20 दिवसांमागे एक अर्जित रजा मिळते, जी 45 दिवसांपर्यंत साठवता येते. प्रसूतीसाठी केंद्राच्या कायद्याने 26 आठवड्यांची तरतूद आहे आणि ती असायलाच हवी. लग्नासाठी मात्र एका दिवसाचीही तरतूद नाही. काही मोठ्या कंपन्या आपल्या धोरणात लग्नाची रजा देतात, पण ती त्यांची मर्जी, कामगाराचा हक्क नव्हे. याउलट आपली जोडपी हौसेने ज्या व्हिएतनामला जातात, तिथल्या कामगार संहितेनुसार कर्मचाऱ्याला स्वतःच्या लग्नासाठी 3 दिवसांची भरपगारी रजा मिळते. फ्रान्समध्ये ती 4 दिवसांची आहे, स्पेन आणि इटलीत 15 दिवसांची. या देशांतली लग्ने आपल्यासारखी चार-चार दिवस चालतही नाहीत. तरीही माणसाचे घर बदलते तेव्हा त्याला थोडी उसंत लागते, हे तिथल्या कायद्याने मान्य केलेले आहे.

आपल्या जुन्या रीतींतही या उसंतीची सोय होती. अनेक भागांत लग्नानंतर पाचव्या दिवशी पाचपरतावणाला मुलगी जावयासह माहेरी येई. पुढे आषाढात तिला माहेरी नेत. श्रावणात मंगळागौर असे आणि तीही लग्नानंतरची पहिली पाच वर्षे. मग दिवाळसण, मग संक्रांतीला काळे लुगडे आणि हलव्याचे दागिने, आणि अधिक महिना आला की जावयाला धोंड्याचे वाण व अनारसे. अशी वर्षभर मुलीची सासर-माहेर ये-जा चाले आणि त्या निमित्ताने सासरची माणसे तिला व ती त्यांना बेताबेताने कळत जात. त्या काळाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. मुली अगदी कोवळ्या असत, ब्रिटिश हिंदुस्थानात मुलीच्या लग्नाचे किमान वय 14 ठरवायला 1929 चा शारदा कायदा यावा लागला, आणि माहेरी पाठवायचे की नाही हे सर्वस्वी सासरच्या मर्जीवर असे. तरीही नव्या माणसाने नव्या घरात टप्प्याटप्प्याने शिरावे, एवढी समज त्या रीतींत होती.

आज सण सगळे उरले आणि त्यांच्या पोटातली विश्रांती तेवढी गेली. जी ये-जा वर्षभर पसरलेली असे ती आता शनिवार-रविवारांत कोंबली जाते. परतल्यानंतरच्या पहिल्या रविवारी जेजुरी, दुसऱ्या रविवारी माहेरच्यांचे कुलदैवत, तिसऱ्या रविवारी लग्नाला येऊ न शकलेल्या मामांकडे जेवण, चौथ्या रविवारी जागरण-गोंधळ, असा बेत घरातली मोठी माणसे जोडपे परदेशात असतानाच आखून ठेवतात. जेजुरीला नवऱ्याने बायकोला उचलून निदान पाच पायऱ्या चढायच्या असतात. आदल्या शुक्रवारी रात्री अकरापर्यंत संगणकासमोर बसलेल्या मुलाकडून ही अपेक्षा ठेवताना त्याच्या कमरेचाही विचार व्हावा. 2026 सालचेच उदाहरण घ्या. त्या वर्षी 17 मे ते 15 जून असा अधिक ज्येष्ठ येतो. त्या महिन्यात लग्ने लागत नाहीत म्हणून मुहूर्तांची दाटी त्याआधी होते, आणि मे महिन्यात फिरून येणाऱ्या जोडप्याला बॅगेतले कपडे धुवून होण्याच्या आत धोंड्याच्या जेवणाचे आवतण येते. खंडोबाला किंवा तुळजाभवानीला जायचे ते जावेच, पण तिसऱ्या महिन्यात गेले म्हणून देव रागावत नाही.

या सगळ्यात मुलाची आणि मुलीची स्थिती सारखी नसते. मुलगा मधुचंद्राहून परततो तो आपल्याच घरी, आपल्याच खोलीत. चहाचा डबा कुठे, गिझर किती वाजता लावायचा, महापालिकेचे पाणी कधी येते, वर्तमानपत्र आधी कोणाच्या हातात जाते, हे त्याला जन्मापासून ठाऊक असते. सुनेच्या बाबतीत परतणे असे काही घडतच नाही. माप ओलांडून ती घरात आली खरी, पण पूजा आणि पाहुणे यांच्या गडबडीत दोन-चार दिवस काढून ती थेट विमानतळावर गेली. तिचा या घरातला खरा पहिला दिवस सहलीनंतरचा असतो, आणि त्या दिवशी तर सगळे तिला जुनी समजू लागलेले असतात. त्यात दुसऱ्या दिवशी डबा कोण करणार, हा प्रश्न कोणी तोंडाने विचारत नाही आणि तरीही तो स्वयंपाकघरात ठाण मांडून बसलेला असतो. दोघेही कमावती असताना त्याचे उत्तर सुनेनेच द्यावे, ही अपेक्षा शिकल्यासवरल्या घरांतही शाबूत आहे. पहिल्या सोमवारी मुलाने उठून कणीक मळली, तर पुढच्या पुष्कळ वर्षांची घडी त्या दिवशीच बसते.

आमच्या घरी आम्ही एक गोष्ट ठरवून केली. मुलगा-सून परतल्यावर महिनाभर कोणालाही घरी जेवायला बोलावले नाही आणि कोणाचे आमंत्रणही स्वीकारले नाही. सुनेने आल्याआल्या काय मागितले असेल, तर कपाटाचा एक संपूर्ण रिकामा खण आणि रविवारी उशिरापर्यंत झोप. दोन्ही मागण्या फुकटच्या होत्या. सहलीची छायाचित्रे पाहायला आणि सून ‘नीट पाहायला’ उत्सुक असलेल्या काही नातेवाइकांना आमचे हे वागणे आवडले नाही, आणि एका ज्येष्ठ आप्तांनी तर अजून फोनवर नीट बोलणे सुरू केलेले नाही. हा तोटा आम्ही आनंदाने सोसला.

रुळण्याच्या या काळात उदासीही येते, आणि तिच्याविषयी आपल्याकडे बोलले जात नाही. वर्षभर हॉल, पत्रिका, खरेदी आणि याद्या यांत गुंतलेले मन एकाएकी रिकामे होते. त्यात झोपेचे वेळापत्रक बिघडलेले, कामाच्या ईमेलांचा ढीग साचलेला आणि समाजमाध्यमांवर मात्र आपलीच हसरी छायाचित्रे अजून फिरत असलेली. अशा वेळी ‘सगळे इतके छान झाले, मग मला रडू का येते’ असे मुलीला वाटले, तर त्यात वावगे काही नाही. मुलग्यांनाही हे होते, ते फक्त चिडचिडीच्या रूपाने बाहेर पडते. बहुतेकांचे ते थोड्या दिवसांत निवळते. न निवळल्यास मात्र ‘नव्याची नवलाई ओसरली’ असे म्हणून थट्टेवारी नेऊ नये. केंद्र सरकारची 2022 मध्ये सुरू झालेली टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य आहे, तिथे मराठीतूनही बोलता येते. आणखी एक शारीरिक बाब. आग्नेय आशियातून आल्यावर पंधरवड्याच्या आत ताप आला, तर तो दगदगीचा म्हणून अंगावर काढू नये आणि डॉक्टरांना प्रवासाची माहिती आधी द्यावी, कारण तिकडेही डेंग्यू आपल्याइतकाच आहे.

बँकेत आयुष्य गेल्यामुळे पैशांविषयी थोडे सविस्तर लिहिल्यावाचून राहवत नाही. मधुचंद्राचा खर्च आठवणींत आधी येतो आणि क्रेडिट कार्डाच्या बिलात नंतर. परकीय चलनात कार्ड वापरले की बहुतेक बँका साधारण 2 ते 3.5 टक्के अधिभार आणि त्यावर जीएसटी लावतात, त्यामुळे तिथे मनात मांडलेला हिशेब आणि इथे आलेले बिल यांचा मेळ बसत नाही. मग बिलावरची ‘किमान देय रक्कम’ भरून सुटका झाल्यासारखे वाटते, पण उरलेल्या रकमेवर महिन्याला 3 टक्क्यांच्या वर व्याज चढू लागते आणि नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. नव्या संसाराचा पहिला वाद बहुधा याच कागदावरून होतो, कारण दोघांनी एकमेकांची कर्जे तोवर एकमेकांना सांगितलेली नसतात. परदेशी सहलीच्या पॅकेजवर ऑक्टोबर 2020 पासून टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने पैसे घेतानाच वसूल केलेला प्राप्तिकर, घेतला जातो. त्याचे दर आणि मर्यादा मधूनमधून बदलत असतात, पण ती रक्कम बुडालेली नसते. ज्याच्या पॅन क्रमांकावर ती जमा झाली, त्याला विवरणपत्र भरताना ती आपल्या करातून वळती करता येते किंवा परत मागता येते. पॅकेज वडिलांच्या नावावर घेतले असेल तर ती त्यांच्या खात्यात दिसेल, मुलाच्या नव्हे, हे ध्यानात ठेवावे. उरलेल्या परकीय नोटा 2,000 डॉलरच्या मूल्यापर्यंत जवळ ठेवता येतात, त्याहून जास्त असतील त्या 180 दिवसांत परत कराव्या लागतात.

लग्नाआधी भविष्य निर्वाह निधीसाठी केलेले नामनिर्देशन लग्नानंतर रद्द ठरते, हे तर सुशिक्षितांनाही ठाऊक नसते. ते नव्याने करावे. कार्यालयाच्या आरोग्यविम्यात जोडीदाराचे नाव घालण्यास ठरावीक मुदत असते आणि ती बहुतेकदा जोडपे परदेशात असतानाच सरत आलेली असते. महाराष्ट्रात 1998 च्या अधिनियमाप्रमाणे विवाहाची नोंदणी 90 दिवसांत व्हावी लागते. त्यासाठी तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या पुरोहितांची माहिती लागते, आणि लग्नाला चार महिने झाल्यावर तीन साक्षीदार एका सकाळी एकत्र करणे व गुरुजींना गाठणे हे दुसरे लग्न लावण्याइतके अवघड होते. ज्यांचे लग्न परदेशात लागले त्यांनी 1969 च्या परदेशी विवाह कायद्याची माहिती जाण्यापूर्वीच करून घ्यावी. जोडीदाराच्या व्हिसासाठी घाई म्हणून विधी होण्याआधीच प्रमाणपत्र काढणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये दिलेला इशाराही महत्त्वाचा आहे. आवश्यक विधी झाले नसतील तर केवळ प्रमाणपत्रामुळे हिंदू विवाह कायद्याखालील विवाह सिद्ध होत नाही, असे न्यायालयाने म्हटले होते. मधुचंद्र आटोपताच एकाने अमेरिकेला किंवा जर्मनीला परतायचे आणि दुसऱ्याने व्हिसाची वाट पाहत इथे थांबायचे, अशी जोडपी तर दर इमारतीत सापडतात. त्यांचे रुळणे केव्हा सुरू व्हायचे, हा प्रश्न मी या पत्रात घेत नाही, तो स्वतंत्र पत्राचा विषय आहे.

दागिन्यांचे मात्र सांगितलेच पाहिजे. सहलीला निघताना सुनेचे दागिने ‘सुरक्षित राहावेत’ म्हणून सासूच्या लॉकरमध्ये जातात आणि परतल्यावर ते तिथेच राहतात. स्त्रीधन ही सर्वस्वी तिची मालमत्ता आहे, त्यावर पतीचाही हक्क नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी आणि 2024 मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. तिच्या नावाचा लॉकर पहिल्या महिन्यातच घ्यावा आणि त्यासाठी सासूनेच तिला बँकेत न्यावे. नाव बदलण्याचेही तसेच. लग्नानंतर आडनाव बदलणे कायद्याने बंधनकारक नाही. बदलायचे असेल तर पॅन, आधार, बँक आणि पारपत्र अशा सगळ्या ठिकाणी एकाच धोरणाने बदलावे, आणि निर्णय तिला सवडीने घेऊ द्यावा.

राज्य शासनाने दुकाने व आस्थापना अधिनियमात स्वतःच्या विवाहासाठी निदान 3 दिवसांच्या भरपगारी रजेची तरतूद करावी आणि ती विवाहानंतरच्या 60 दिवसांत केव्हाही घेण्याची मुभा ठेवावी, म्हणजे नोंदणी कार्यालय, बँक आणि थोडी झोप यांसाठी ती कामी येईल. कायद्याला वेळ लागणार असेल, तर कंपन्यांनी परतल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात घरून काम करण्याची सवलत द्यायला हरकत नाही. त्यात त्यांचे एका रुपयाचेही नुकसान नाही. आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती आहे. विवाह पुरवणीतील परदेशी सहलींच्या पानाशेजारी एक पान विवाहनोंदणी, नामनिर्देशने आणि विमा यांच्या माहितीसाठी राखावे, आणि महापालिकेच्या कोणत्या विभाग कार्यालयात काय कागद लागतात ते त्यात छापावे. तुळशीच्या लग्नानंतर नवे मुहूर्त निघतील. तोवर एखाद्या कंपनीने लग्नानंतरची ही रजा देऊन पाहिली, तर तिथल्या कर्मचाऱ्यांचा आणि वरिष्ठांचा अनुभव आपल्या स्तंभातून वाचायला मिळावा.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त बँक अधिकारी, डोंबिवली (पूर्व)